पडाव कुणाचा

माझी थोरली बहीण भाटघरच्या पाण्यात बुडून गेली, तेव्हा मी वेल्ह्याच्या शाळेत सहावीत होतो. निरोप घेऊन आलेला माणूस आधी पासलीला आमच्या घरी जाऊन मग माझ्याकडं आला. मी घरी पोचलो तेव्हा आई उंबऱ्यात बसली होती आणि रडत नव्हती. एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "दुसऱ्याच्या बाया काढल्या आन् सोताची सोडली."

हे माझ्या दाजींबद्दल होतं. बहिणीचा नवरा. पुढची दहा-अकरा वर्षं आमच्या घरात त्यांच्याबद्दल एवढंच बोललं गेलं.

दाजींचं गाव भाटघरच्या धरणाच्या वरच्या अंगाला होतं. नवं धरण भरलं तशी त्यांची नदीकाठची भातखाचरं पाण्याखाली गेली आणि बदल्यात डोंगराच्या पोटाला मुरमाड जमीन मिळाली. तिच्यात वरई पिकली तर पिकली. म्हणून दाजी पडावावर राहिले. पडाव म्हणजे रुंद, सपाट तळाची मोठी नाव. धरणाचं काम चालू असताना दगड आणि चुना वाहायला ती आणली होती. सागाच्या फळ्या, लोखंडाच्या पट्ट्या. काम संपलं, साहेब लोक गेले, पडाव काठावर पडून राहिला. इकडं पाणी मधे आल्यामुळं पलीकडच्या गावांची बाजाराची वाट तुटली होती. भोरच्या एका मक्तेदारानं संस्थानच्या कचेरीकडून उताराचा, म्हणजे माणसं पलीकडं पोचवायचा, मक्ता घेतला आणि हाच पडाव पाण्यात घातला. तो ओढून काढायला बैल दिले गावांनी, डांबर लावायला माणसं दिली गावांनी, वल्ही मारायला दाजी आणि आणखी एक जण. पडाव नक्की कुणाच्या मालकीचा, हे तरंगत होता तोवर कुणी विचारलं नाही.

गौरीच्या आदल्या बाजाराला चौदा माणसं घेऊन तो निघाला. बहीण त्यात होती; गौरीला हिरव्या बांगड्या आणायच्या होत्या म्हणून. मधोमध गेल्यावर तळाची फळी फुटली. हे दाजींचं म्हणणं. पायाखालून पाणी आलं, माणसं एका बाजूला धावली आणि पडाव कलंडला. ज्यांना पोहता येत होतं ते पोहले. दाजींनी दोन बायकांना धरून वल्ह्याला लटकवलं आणि काठाला आणलं. त्या शेजारच्या घरातल्या जावा-जावा होत्या. बहीण तिसऱ्या दिवशी सापडली. एकूण पाच माणसं गेली.

दिवस घालून झाल्यावर दाजी पासलीला आले होते. आईनं त्यांना ओसरीवर चढू दिलं नाही. ते अंगणातच उभे राहिले, डोकं भादरलेलं, ओठ सुकलेले.

"मामी, हाताला जे आलं ते धरलं," ते म्हणाले. "पाण्यात त्वांड दिसत न्हाई."

"तुला तुझी बायकू हाताला लागत न्हाई व्हय रं?" आई म्हणाली. जावयाला ती आयुष्यात पहिल्यांदा अरेतुरे बोलली.

चौकशी झाली. आबा, माझे वडील, तिथं गेले होते. मक्तेदारानं सांगितलं की पडाव माझा नाही, तो इंग्रज सरकारच्या धरणाच्या खात्याचा. माझा फक्त उताराचा मक्ता. नावाड्यानं माझ्या माघारी जास्त माणसं भरली. धरणाकडच्या साहेबानं लिहून दिलं की काम संपल्यावर पडाव आमच्या यादीतून कमी केलेला आहे, आमचा त्याच्याशी संबंध नाही. कचेरीनं म्हटलं, आम्ही उतार दिला, नाव दिली नाही. गावांनी तर मान खालीच घातली. उद्या डांबर कुणी लावलं म्हणून धरतील ही भीती. दाजी एकटेच सांगत राहिले की मागल्या बाजूची एक फळी कुजली होती, ती काढून मक्तेदारानं तिथं आंब्याची ठोकली, मी दोनदा बोललो, तर म्हणाला, पुढच्या उन्हाळ्यात बघू.

"पडाव कुठं आहे?" असं चौकशीच्या साहेबानं त्यांना विचारलं.

"पाण्यात."

"मग फळी दाखवणार कशी?"

निष्काळजीपणाबद्दल दाजींना आठ महिन्यांची शिक्षा झाली. ते सुटून आले आणि लोकांची गुरं राखू लागले. दुसरं लग्न केलं नाही. मी सातवीची फायनल पास झालो त्या वर्षी वेल्ह्याच्या बाजारात त्यांनी मला लांबून हाक मारली, "पाव्हणं!" मी ऐकलं आणि मिठाच्या दुकानात शिरलो. ते निघून जाईपर्यंत मी आत मीठ चिवडत उभा होतो. त्या वयात मला माझं वागणं फार ताठ कण्याचं वाटलं होतं.

पुढं मला भोरला कचेरीत कारकुनी मिळाली. लग्न झालं. लढाई सुरू झाली आणि रॉकेलपासून खिळ्यापर्यंत प्रत्येक गोष्ट दिसेनाशी झाली. नांगराचा फाळ करायला लोखंड मिळेना. अशातच एका वर्षी पाऊस ओढला, कालव्यानं खाली पाणी सोडावं लागलं आणि भाटघरचं पाणी इतकं उतरलं की बुडालेल्या गावांची जोती उघडी पडली. एक धनगर त्या वाळत्या गाळातून शेळ्या नेत होता. त्याला चिखलातून वर आलेली लाकडाची कड दिसली. त्याला वाटलं, जुन्या देवळाची तुळई असेल. काठीनं उकरलं तर लोखंडाची पट्टी लागली. त्यानं गावात सांगितलं, आणि आठ दिवसांत त्या पडावाला चार मालक झाले.

पहिला मक्तेदार. त्यानं बैलांच्या चार जोड्या आणि दोरखंड पाठवले. दुसरा धरणाकडचा ओव्हरसियर. त्यानं बैल हाकलून दिले आणि आपला पहारेकरी बसवला. गाव म्हणालं, आमच्या बैलांनी ओढलेला, आमच्या हातानं डांबर लावलेला, लाकूड आमच्या देवळाच्या सभामंडपाला पाहिजे. आणि कचेरी म्हणाली, पाणी खात्याचं असेल, खालची जमीन आमची आहे, जमिनीवर सापडलेली वस्तू आमची. अव्वल कारकुनांना पंचनाम्याला जायचा हुकूम झाला. लिहायला त्यांनी मला घेतलं. त्यात माझी बहीण गेली हे त्यांना माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही.

गाळ पायाखाली चिरफळला होता. पडाव एका कुशीवर कललेला, अर्धा रुतलेला, काळा ठिक्कर. एवढी वर्षं पाण्यात राहून सागाला काही झालं नव्हतं. ओव्हरसियर टेपनं मापं घेत होता, मक्तेदार प्रत्येक पट्टीवर छडी वाजवून म्हणत होता, "ही मी बसवलेली. ही पण मीच. विचारा कुणालाही." मी लांबी-रुंदी लिहीत होतो. माणसं मेली त्या जागेवर आपण उभे आहोत असं कुणाच्याही तोंडावर नव्हतं. माझ्याही नसावं, मी अक्षर नीट येतंय का ते बघत होतो.

दाजी लांब एका दगडावर बसले होते. केस पांढरे झाले होते. मापं संपत आली तसे ते उठून आले आणि माझ्यापासून दोन हातांवर थांबले.

"पाव्हणं," ते म्हणाले, "जरा हिकडं येता? तळ बघा. दुसरं काय मागत न्हाई."

त्या वेळी मिठाचं दुकान नव्हतं. मी गेलो. मागच्या अंगाला त्यांनी हातानं गाळ बाजूला केलेला होता. तीन फळ्या काळ्या, टणक. चौथीचा रंग वेगळा, पिवळट राखाडी, आणि ती मधोमध लांबवर फाटलेली. मी अंगठा दाबला तर तो लोण्यात जावा तसा आत गेला. कडेचे खिळे आखूड होते. निम्म्याहून जास्त नुसते वाकवून बसवलेले.

"आंबा हाय," दाजी म्हणाले. "मी म्हनलो हुतो."

 दहा-अकरा वर्षं आम्ही या माणसाला काय काय म्हणालो होतो, ते सगळं एकदम आठवलं असं नाही. मला फक्त अंगणात उभे असलेले त्यांचे सुकलेले ओठ आठवले.

मी तिथंच उभा राहून लिहिलं. चौथी फळी आंब्याची, बाकीच्या सागाच्या. आंब्याची फळी कुजून उभी फाटलेली. खिळे आखूड व वाकवलेले. पडाव याच ठिकाणी फुटल्याचं दिसतं. मक्तेदार माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"हे काय लिहिता?"

"पडाव तुमचा म्हणालात ना?" मी विचारलं.

"माझाच आहे."

"मग ही फळीही तुमचीच."

 तो छडी काखेत धरून अव्वल कारकुनांकडं गेला. दोघं जुन्या जोत्याच्या सावलीला बोलत उभे राहिले. मग अव्वल कारकुनांनी मला बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. माझ्या बायकोला दिवस गेले होते तेव्हा त्यांनी आपल्या घरचं तूप पाठवलं होतं.

"हे बघ," ते म्हणाले, "आपल्याला पडाव कुणाचा एवढंच ठरवायचं आहे. कशानं बुडाला हा प्रश्न आपल्यापुढं नाही. त्याचा निकाल कधीच झाला."

"पण फळी दिसतेय, रावसाहेब."

"दिसतेय. पण उद्या पडाव आपला ठरला तर ही फळी कुणाच्या गळ्यात येईल? कचेरीच्याच ना?" त्यांनी मक्तेदाराकडं पाहिलं. "आणि आता कळलं, तुझी सख्खी बहीण त्यात होती. तू हे आधी सांगायला हवं होतंस. वर कळलं तर म्हणतील, कारकुनानं सूड म्हणून लिहिलं. कागदही जाईल आणि नोकरीही. पक्की प्रत करताना विचार कर."

मी विचार केला. त्याला फार वेळ लागला नाही. पक्क्या प्रतीत लिहिलं: "तळाच्या फळ्यांपैकी एक नादुरुस्त." पंचांनी अंगठे उठवले. कच्चा कागद अव्वल कारकुनांनी मागून घेतला, चार घड्या केल्या आणि खिशात टाकला.

परतताना दाजी वाटेत उभे होते.

"लिवलं का?"

"लिहिलं."

"काय लिवलं? वाचून दावा की."

मी दप्तर उघडलं, पक्की प्रत डोळ्यांसमोर धरली आणि कच्च्या कागदावरचं तोंडपाठ म्हटलं. आंब्याची फळी, आखूड खिळे, याच ठिकाणी फुटल्याचं दिसतं. दाजींना वाचता येत नव्हतं. ते माझ्या ओठांकडं बघत ऐकत होते. संपल्यावर त्यांनी मुंडाशाच्या शेवानं डोळे पुसले.

"लई बरं झालं," ते म्हणाले. "आता मामींना सांगा. माझं म्हनून नगं. सरकारात लिवलंय म्हनून सांगा."

पुढच्या सुट्टीत मी पासलीला गेलो. आबा वारले होते. आई मागच्या परड्यात नाचणी पाखडत होती. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. फळी, अंगठा, खिळे. सूप थांबलं. 

"म्हंजी त्येचा दोस नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

"कागदावर आलंय?"

दाजींशी खोटं बोलता आलं होतं. आईपुढं जमलं नाही. मी नाही म्हटलं आणि का नाही तेही सांगितलं.

आई उठली. सुपातली नाचणी तिनं तशीच कणगीत ओतली, कोंड्यासकट. "ह्येला शाळंत घाला म्हनून तुझी बहीनच तुझ्या आबाच्या मागं लागली हुती," ती म्हणाली. "तवा तिचं ऐकाय नगं हुतं."

त्यानंतर ती जगली तोवर माझ्याशी नीट बोलली, माझ्या मुलांचं केलं. पण दाजींचा विषय मी काढला की उठून जायची. मला वाटलं होतं ती त्यांना बोलावून घेईल. ती म्हणे, "कंच्या तोंडानं?" एवढंच. ज्या माणसाला एवढी वर्षं शिव्या घातल्या, त्याच्यापुढं उभं राहण्यापेक्षा न भेटलेलं बरं, असं तिनं ठरवून टाकलं असावं. मी तिला दोष देत नाही. मी तरी कुठं गेलो पुन्हा?

पाणी चढायच्या आत पडाव ओढून उंचावर आणला. त्याला तीन बाजूंनी लाखेची मोहर लागली; कचेरीची, खात्याची, आणि मक्तेदारानंही कुणाला तरी धरून आपली एक लावून घेतली. मग पत्रं सुरू झाली. कचेरीची उत्तरं मीच लिहीत असे. एकदा जुनं दप्तर चाळताना मला चौकशीच्या वेळचे कागद सापडले. पडाव आमचा नाही, असं ज्यांनी सह्या करून कळवलं होतं, तेच आता त्याच वळणदार भाषेत पडाव आमचाच आहे असं कळवत होते. कचेरीसुद्धा. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून अव्वल कारकुनांच्या मेजावर नेले. त्यांनी ते वाचले, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"हे जुनं कशाला वर काढलंस?" ते म्हणाले आणि स्वतःच्या हातानं फीत बांधून कागद मागच्या फडताळात घातले.

पडाव उन्हापावसात पडून राहिला. पाण्यात जे लाकूड टिकलं ते कोरड्यावर चिरलं. पट्ट्या एकेक करून नाहीशा झाल्या. पहारेकरी म्हणे, माकडं नेतात. आंब्याची फळी दुसऱ्या पावसाळ्यात भुसा होऊन गळून पडली. दाजी तिच्यावर किलतानाचं पोतं टाकायला जायचे, असं मी ऐकलं. पहारेकरी त्यांना मोहरेला हात लावू नका म्हणून हाकलायचा.

दाजी हिवतापानं गेले. मला निरोप दुसऱ्या दिवशी मिळाला. सावडायला पंचवीस-तीस माणसं होती, त्यांनी काढलेल्या दोघींपैकी एक जिवंत होती तीही. गावचा पाटील मला बाजूला घेऊन म्हणाला, "मरस्तोवर सांगत हुते, सरकारात लिवलंय, माझ्या मेव्हन्यानं लिवलंय. त्या कागदाची नक्कल मिळंल का? चावडीवर लावू. पोरंबाळं म्हनत्यात, ह्यानं पाच मानसं बुडीवली."

मी म्हणालो, नक्कल मिळायला वेळ लागतो.

पाटलानं आणखी दोनदा विचारलं. मग सोडून दिलं.

एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली संस्थानं विलीन झाली. जी कचेरी आणि जे खातं सहा वर्षं एकमेकांविरुद्ध पत्रं लिहीत होती, ती एका सकाळी एकाच सरकारची झाली. फाईल माझ्याकडं आली. वाद करणारे दोन्ही सरकारी पक्ष एकच झाल्यानं वाद उरला नाही, सबब दप्तरदाखल करावी, असा शेरा मीच लिहिला. उरलेलं लाकूड लिलावात निघालं. गावानं बोली केली नाही. मक्तेदारानं घेतलं.

त्या सागाची त्यानं भोरात नव्या घराची दारं केली. वास्तुशांतीचं बोलावणं कचेरीतल्या सगळ्यांना होतं, मलाही. मी गेलो. दाराला नवीन रोगण दिलेलं होतं आणि मक्तेदार येणाऱ्या प्रत्येकाला त्यावर हात फिरवून बघायला सांगत होता, असं लाकूड आता मिळत नाही म्हणून. मी हात फिरवला. आत पंगत बसली होती. अव्वल कारकुनांनी शेजारचा पाट दाखवला, तिथं बसलो आणि जेवलो.